जुन्या दगडी इमारतीत कलाकेंद्र : सिमेंटचा गिलावा काढल्यावर भिंती किती दिवस सुकू द्यायच्या?

शंभरी ओलांडलेली एक दुमजली दगडी इमारत आमच्या गटाला कलाकेंद्रासाठी वापरायला मिळाली आहे. खाली नाटक-गाण्यासाठी सभागृह, वर नृत्याचे आणि चित्रकलेचे वर्ग, असा बेत आहे.

गाडी अडली आहे ती ओलीपाशी. मूळ बांधकाम चुन्यातलं, पण मधे कधीतरी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झालाय. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. कमरेच्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार) फुटलाय, पोपडे सुटतायत. जिथे दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्यात तिथे दरज शाबूत आणि शेजारचा घडीव दगड झिजतोय. ते बघून जीव तुटतो.

ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफ रंग मारा, महिन्यात मोकळे व्हाल. मला हे अजिबात पटत नाही. ओलीला बाहेर पडायला उरलेली वाटही बंद होईल, आणि लाकडी तुळयांची टोकं त्याच भिंतींत आहेत. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की ते कुजायला लागतं.

म्हणून आधी पन्हळी दुरुस्त करायच्या, भिंतीलगतची वर आलेली माती उतरवायची, मग सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढायचं आणि भिंत सुकल्यावर चुन्याचा गिलावा करायचा, असं मी सुचवलंय. महिन्याला साधारण एक इंच भिंत सुकते असा ठोकताळा आहे. आमच्या भिंती दोन फुटी; दोन्ही बाजूंनी सुकल्या तरी वर्ष जाईल. गटातल्या मुलांना एवढं थांबवणं जड जातंय, आणि त्यांचंही चूक नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय : क्षार ओढून घेणारा चुन्याचा कच्चा थर लावून, वर्षभराने तो खरवडायचा असं ठरवलं, तर तोवर सभागृह वापरता येईल का? की गर्दीच्या श्वासाची वाफ भिंतीत जाऊन सुकणं आणखी लांबेल?

दुसरं, वरच्या लाकडी तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर, नृत्य नको असं मला वाटू लागलंय. स्ट्रक्चरल इंजिनिअर वजनाचा हिशोब करतीलच, पण तीस जण खुर्च्यांवर बसणं वेगळं आणि तीस जणांनी एका ठेक्यावर पाय आपटणं वेगळं. नृत्य खाली आणून चित्रकला वर ठेवली, तर नाटकाच्या तालमींची वेळ कशी बसवलीत तुम्ही?