यादी लागेपर्यंत : प्रवेशाची वाट पाहिल्याचे अनुभव सांगा

आज संध्याकाळी कॅपची, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, पहिली यादी. शेजारची मुलगी सकाळपासून जिन्यात फोन घेऊन बसली आहे, आई जेवायला हाका मारून दमली. तिला बघून मला १९९७ आठवलं.

बारावी झाले तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, बी.एस्सी. किंवा डी.एड. त्या काळात डी.एड. केलं की शाळेत शिक्षकाची नोकरी लागली, असं घराघरात धरलेलं होतं. चांगल्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या मुलीही तिकडेच अर्ज करायच्या. बी.एस्सी.ची यादी सोलापूरच्या दयानंद कॉलेजच्या फलकावर लागली, नाव होतं. फी भरायची मुदत जवळ आली आणि डी.एड.चं पत्र काही येईना. वडील यंत्रमागावर जॉबर. पैसे एकदाच उभे राहणार होते, तेही उसने. एकीकडे भरले की दुसरीकडचा विषय संपला.

पोस्टमनच्या वेळेला आई सूप घेऊन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायची. तो कोपऱ्यावरूनच हात हलवायचा, नाही म्हणून. शेवटच्या दिवशी वडील पाळी सोडून आले, कपड्यांवर कापसाची तूस तशीच, आणि म्हणाले, "चल, भरून टाकू. जे हातात आहे ते आपलं." पत्र नंतर आलं. वाचलं आणि दाखल्यांच्या फायलीत ठेवून दिलं. आज मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, आणि माझ्या विषयावर माझं फार प्रेम आहे.

तुमच्या घरी हे दिवस कसे गेले? काय निवडलंत, कशावरून निवडलंत? लिहा. यंदाच्या मुलांना वाचायला मिळू दे.

विडीघरकुल
मॅडम, कापसाची तूस वाचलो आणि पप्पा डोळ्यासमोर आले. आम्ही पण पूर्वभागातलेच. बहिणीचं सांगतो. ती २०२४ ला बारावी झाली. मम्मी विड्या वळते. फॉर्म भरायच्या दिवशी सगळे दाखले चटईवर मांडून ठेवलो होतो. मम्मी लांबूनच बघत होती. हाताला तंबाखू आहे, डाग पडेल म्हणून कागदाला हातच लावली नाही. इंजिनिअरिंगची फी ऐकून घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. मग जुलैत शासन निर्णय निघाला. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी निम्मी होती. मम्मी म्हणली, "आता तुला पाहिजे ते पहिल्या नंबरला टाक गं." सगळा क्रम बदललो. हे कॅपमधून गेलं तरच मिळतं, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा कृपया.

सातरस्ता
मी संगमेश्वर कॉलेज, १९९९. आमचीही यादी फलकावर. उंच पोरं पुढं घुसायची आणि मागच्यांचे नंबर ओरडून सांगायची. ज्याचा नंबर नसेल त्याचं मात्र कोणी ओरडायचं नाही, गुपचूप मागं येऊन खांद्यावर हात ठेवायचे. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

केगाव_फाटा
@विडीघरकुल बहीण आता कुठं आहे?

विडीघरकुल
इथंच, अशोक चौकात, डब्ल्यूआयटीला, म्हणजे वालचंद इन्स्टिट्यूटला. घरून जाते.

भाऊचा_भाऊ
सोलापूर की सांगली हा आमच्या घरातला मोठा वाद. दोन्हीकडे वालचंद नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज. सांगलीचं १९४७ चं, आपलं १९८३ चं, त्यामुळे नातेवाइकांना एकाचं सांगितलं की दुसरंच कळायचं. मोठ्या भावाच्या वेळी सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता. २००४ ला आपलं विद्यापीठ वेगळं झालं. कोल्हापूरच्या खेपा वाचल्या, त्याचा आनंद आहेच. पण माझ्या वेळी सांगलीसाठी मी बाहेरचा झालो होतो. होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांसाठीच्या, ७० टक्के जागांत मी नाही, उरलेल्या ३० टक्क्यांत रांग. पहिल्या यादीत इथलं कॉम्प्युटर मिळालं. सांगलीचं इलेक्ट्रिकल पुढच्या फेरीत मिळू शकत होतं, पण त्यासाठी थांबावं लागणार होतं. आजी अंथरुणाला खिळलेली, आई एकटी. मी सोलापूर पक्कं केलं. पुण्यातले मित्र विचारायचे, तिथंच का राहिलास? त्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, शेवटचं दीड वर्ष आजीला रात्रीचं औषध मीच द्यायचो. कॉलेजच्या क्रमवारीत ही गोष्ट कुठं मोजतात?

हिरवी_शेंगा_चटणी
भाऊ, वाचून गप्प बसले. आजीला नमस्कार सांगा म्हणायचं होतं, पण.

भाऊचा_भाऊ
पोचला तो. धन्यवाद ताई.

जुळेसोलापूर_आई
थोडं अवांतर. मुलगी आत्ता दहावीत. सगळे म्हणतात अकरावी-बारावीला लातूरला ठेवा. पण तिचं अजून ठरत नाही, डॉक्टर की इंजिनिअर. मग काय करावं? कुकर लावलाय, उत्तरं नंतर वाचते.

केगाव_फाटा
ताई, एक गोष्ट नक्की ध्यानात ठेवा. इंजिनिअरिंगला होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली त्यावर. लातूरमधून बारावी केली तर ती नांदेड विद्यापीठात धरली जाईल आणि सोलापूरच्या कॉलेजांना बाहेरची होईल. मेडिकलला ही अडचण नाही, तिथला ७०:३० चा विभागीय कोटा २०२० ला रद्द झाला. म्हणून आधी पोरीचं मन ओळखा, खोली मग शोधा.

नीटचा_बाप
माझा मुलगा लातूरलाच होता. २०२४ ची नीट. ४ जूनला निकाल लागला, घरात पेढे आले. मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, कोर्ट, रोज रात्री बातम्या. जुलैच्या शेवटी सुधारित निकाल, फिजिक्सच्या एका प्रश्नावरून लाखो मुलांचे पाच-पाच मार्क गेले, त्यात हाही. रँक किती घसरला ते मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आमची आशा सोलापूरच्या सरकारी व्ही. एम. मेडिकल कॉलेजवर होती. त्याच्या सिव्हिल हॉस्पिटलवरून गाडी नेताना मी दुसरीकडे बघायचो. पुढे फेऱ्यांमागून फेऱ्या. मित्रांचे वर्ग सुरू झाले, हा घरात. मध्यरात्री उठून पाणी प्यायला गेलो की त्याच्या खोलीतला दिवा सुरू. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात बी.ए.एम.एस. मिळालं. पुन्हा एक वर्ष द्यायचं का, हे आम्ही त्याच्यावर सोडलं. तो म्हणाला, "बाबा, मला आता शिकायला सुरुवात करायची आहे." गेला. नाडी बघायला शिकतोय, सुट्टीला आला की पहिल्यांदा आईचा हात धरतो.

सातरस्ता
साहेब, मुलगा मोठा समजूतदार आहे. त्याला खूप शुभेच्छा.

हिरवी_शेंगा_चटणी
माझ्या बहिणीला पण बी.ए.एम.एस. आहे, आता अक्कलकोटला स्वतःचा दवाखाना. त्याला काही विचारायचं असेल तर जोडून देते.

नीटचा_बाप
जरूर ताई. आज रात्री बोलतो त्याच्याशी.

पार्कचौक_२५
मी गेल्या वर्षीचा. यंदाच्यांनी नियम नीट वाचा बे. आमच्या वेळी, २०२५ ला, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तोच घ्यायचा, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतलं की पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वर तेच टाका जिथं खरंच जायचं आहे, शेजाऱ्यांनी सांगितलेलं नको. आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, जातीची व्हॅलिडिटी आधी काढून ठेवा. सेतू केंद्रात शेवटच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. मी पुणे घेतलो, हुतात्मा एक्स्प्रेसने येणं-जाणं. घरची लई आठवण येते, पण शिकायला मजा येते.

जुळेसोलापूर_आई
वाचलं सगळं, सगळ्यांचे आभार. @केगाव_फाटा तिला जिल्ह्याचं सांगितलं. म्हणाली, "मग इथंच राहून दोन्हीचा अभ्यास करते." बघू. @पार्कचौक_२५ पुण्यात जेवणाचं काय करतोस रे बाळा?

पार्कचौक_२५
मेस आहे काकू. भाजी गोड असते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरून नेतो, दोन आठवडे पुरते. रूममेट नागपूरचा आहे, त्याच्यामुळं आता एकच आठवडा.

हिरवी_शेंगा_चटणी
पुढच्या वेळी गाडीला जायच्या आधी सांग, एक किलो माझ्याकडून. आणि @जुळेसोलापूर_आई, माझ्याकडे अकरावी-बारावी सायन्सची पूर्ण पुस्तकं आहेत, कोऱ्यासारखी. मुलीला हवी असतील तर निरोप टाका, रविवारी आणून देते.