मदत हवी आहे: यमकातल्या फार्समध्ये हशा आणि लय एकत्र कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत आमचा हौशी गट अमेरिकन नाटककार डेव्हिड आइव्ह्स यांचं 'द एअर अपॅरंट' इंग्रजीतूनच करतोय. मूळ नाटक फ्रेंच नाटककार रेन्यारचं, 1708 सालचं. कंजूष म्हातारा जेराँत बेशुद्ध असताना नोकर क्रिस्पँ त्याचं सोंग घेऊन वकिलाला मृत्युपत्र सांगतो, तो प्रवेश तर सोनं आहे! मूळ फ्रेंच ओळ बारा अक्षरांची, आइव्ह्सनी ती दहा अक्षरांची केली, पण जोड-यमक (लागोपाठच्या दोन ओळींचं यमक) राखलं.

अडचण त्या यमकाचीच आहे. बऱ्याच द्विपदी दोन नटांत विभागल्या आहेत. पहिल्याच्या ओळीवर हशा आला की दुसऱ्याचं यमक त्यात बुडतं. हशा संपेपर्यंत थांबलं तर यमकाची जोडी कानातून निसटते आणि फार्सचा वेगही जातो.

संवाद गद्यासारखे बोलून पाहिले, तर यमक अपघातानं जुळल्यासारखं वाटतं. ठेक्यात म्हटले, तर शाळेतली कविता होते. टाळी देऊन तालीम केल्यावर पाठांतर पक्कं झालं, पण हशाचा प्रश्न तिथेच राहिला.

परवान्यामुळे संहितेत बदल करता येत नाही. नाट्यगृह लहान आहे, माइक नाहीत.

पद्यातला फार्स केलेल्यांना नेमकं विचारायचंय: विभागलेल्या द्विपदीत मधे हशा आला, तर दुसऱ्या नटानं त्यावर चढून बोलावं, की एखाद्या हालचालीनं लय धरून ठेवून हशा ओसरताना यमक टाकावं? आणि प्रेक्षक नसलेल्या तालमीत याचा सराव कसा करता?