नर्मदा परिक्रमा एकटीने पायी करावी का?

प्रश्न

मी ५७ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाले. येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराला संकल्प करून नर्मदामैयाची पायी परिक्रमा करावी, असे माझ्या मनात आहे. जथ्थ्याबरोबर किंवा वाहनाने जाण्याची सोय असते हे मला ठाऊक आहे; परंतु वाटेल तेथे थांबता यावे आणि दिवसातले निदान चार तास कोणाशीही न बोलता काठाने चालता यावे, यासाठी मला एकटीनेच जायचे आहे. घरच्यांचा विरोध परिक्रमेला नाही, एकटेपणाला आहे, आणि वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीचे, म्हणजे त्या डोंगराळ जंगलाचे, नाव निघाले की बोलणेच संपते. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांना विचारते: एकट्या माणसाने कोणत्या टप्प्यात जाऊ नये? मुक्कामाला एकट्या स्त्रीची अडचण होते का? आणि मध्येच कोणाची सोबत घेतली तर संकल्पाला बाधा येते का?

पहिला प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचा निर्णय सोपा होतो. संकल्प असतो तो मैयाला सदैव उजव्या हाताला ठेवण्याचा, तिचे पात्र न ओलांडण्याचा, जवळच्या कुपीतले जल सांभाळण्याचा आणि जे मिळेल त्यात भागवण्याचा. एकटे चालावे असे त्यात कोठेही नाही, त्यामुळे सोबत घेतल्याने काहीही खंडित होत नाही. पात्र ओलांडल्याने मात्र होते. ओंकारेश्वराचे मंदिर मांधाता बेटावर असल्यामुळे दक्षिण तटावरून निघालेल्या परिक्रमावासीला वाटेत तेथे जाता येत नाही. परिक्रमा पूर्ण झाल्यावरच तो ते जल ओंकारेश्वराला वाहतो.

आता झाडीविषयी. बडवानीजवळचा राजघाट सोडल्यापासून गुजरातेतील गोरा गावापर्यंतचा हा दक्षिण तटाचा टप्पा आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-मोलगीच्या डोंगरांत येतो. पूर्वी येथे परिक्रमावासींचे सामान काढून घेतले जाई. आज त्याच भिल्ल आणि पावरा वस्त्यांत आपल्याला भाकरी मिळते, म्हणून तेथील लोकांविषयी जुन्या गोष्टींवरून भीती बाळगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने (पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर) त्यांची शेते आणि गावे गेली, आणि त्याच पाण्याखाली आपली काठाची जुनी वाटही गेली. शूलपाणेश्वराचे मूळ मंदिर बुडाले, म्हणून नवे गोऱ्याला बांधले आहे. आता वाट सातपुड्याच्या सोंडा चढत-उतरत जाते, नदी कित्येक तास दिसत नाही आणि फाटे फार फुटतात. मी एकटा असताना अशाच एका फाट्याने चुकून नाल्यात उतरलो. बकऱ्या चारणाऱ्या एका मुलाने मला परत वर आणून सोडले तेव्हा तीन तास गेले होते, आणि तेवढ्या वेळात मोबाईलला एकदाही रेंज आली नव्हती. त्या दिवशी पाय मुरगळला असता तर काय झाले असते, हा विचार मला पुढे अनेक दिवस सोडत नव्हता. येथे धोका माणसांचा नसून एकट्याने पडण्याचा आहे. त्यामुळे या टप्प्यात, तसेच उत्तर तटावर नेमावर ते ओंकारेश्वर यांच्यामधल्या अरण्यात, दोन-चार जणांबरोबरच चालावे. अमरकंटकाच्या अलीकडे-पलीकडे सालवृक्षांचे रान आहे, तेथे मात्र मला अडचण आली नाही. बाकी वाट गावागावांतून जाते, आणि तेथे आपल्याला हवा तेवढा एकांत मिळेल.

दुसरा प्रतिसाद

मी ५२ व्या वर्षी एकटीने निघाले होते, म्हणून मुक्कामाविषयी लिहिते. आश्रमात पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ति हैं?’, म्हणजे किती जण आहात, आणि ‘एक’ असे उत्तर दिले की बहुतेक ठिकाणी माताराम म्हणून आसन लावायला आतली जागा देतात. अडचण आश्रमांत कमी आणि रिकाम्या धर्मशाळांत जास्त असते. जेथे रात्री कोणी कुटुंब राहत नाही तेथे मी कधीही थांबले नाही. त्याऐवजी गावात जाऊन घरातल्या बाईला सरळ विचारले की, तुमच्याजवळ झोपू का? एकदाही नकार मिळाला नाही. एका ठिकाणी व्यवस्था पाहणाऱ्या माणसाचे बोलणे मला बरे वाटले नाही, तेव्हा सूर्य मावळायला तासभर असताना मी पडशी उचलली आणि पुढच्या वस्तीवर गेले. हे शक्य झाले, कारण दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे चालायचे नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला होता. मुक्काम उजेडात पाहता आला पाहिजे आणि नको वाटला तर सोडताही आला पाहिजे; संध्याकाळी थकून पोहोचलेल्या बाईला ही निवड उरत नाही.

घरच्यांशी रोज बोलेन असे वचन देऊ नका. रेंज नसलेल्या दिवशी त्यांचा जीव टांगणीला लागतो. त्याऐवजी, ‘तीन दिवस फोन आला नाही तर शेवटच्या मुक्कामावर चौकशी करा’ असे ठरवा आणि प्रत्येक मुक्कामाचे नाव कळवत राहा. आश्रमांच्या नोंदवहीत नाव लिहिले जाते, त्यामुळे माग काढता येतो.

तिसरा प्रतिसाद

दोन गोष्टी राहिल्या आहेत. पहिली पाण्याची. बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांमुळे आजची नर्मदा पूर्वीसारखी स्वतःच्या लयीत वाहत नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की खालच्या बाजूची पातळी निरभ्र आकाशाखालीही झपाट्याने चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजी येथे स्नानाला जमलेले अनेक भाविक असे अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. एकटे असताना निर्जन घाटावर खोल पाण्यात उतरू नये; पायरीवर बसून कमंडलूने स्नान केले तरी ते स्नानच आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून २६२४. धरणांचे वळसे आणि उपनद्यांवरचे पूल गाठण्यासाठी घ्यावे लागणारे फेरे धरले तर अंतर याहून बरेच वाढते. शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची. पण रोज वीस-बावीस किलोमीटर चालणाऱ्याला साडेचार ते पाच महिने लागतात. नदीच्या मुखाशी पात्र न ओलांडता दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून समुद्रातून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला नेणारी नाव भरती पाहून सुटते, तेथे एखाद-दोन दिवस थांबावे लागू शकते, आणि त्या नावेत एकांत अर्थातच नाही. पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंपलीकडे जाऊ देऊ नका. शक्य झाल्यास आधीच्या चैत्रात गुजरातेतील उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची छोटी परिक्रमा, करून पाहा. ती जेमतेम एका दिवसाची असली तरी उन्हात आपले पाय कसे वागतात, हे त्यात कळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. संकल्पात एकटेपण नाही, हे वाक्य मी घरी वाचून दाखवले, आणि राजघाट ते गोरा, तसेच नेमावर ते ओंकारेश्वर, हे दोन टप्पे सोबतीने चालेन, असे मान्य केले. तीन दिवसांचा करार मुलीला पटला आहे. एकच शंका उरते: राजघाटाला सोबत जमेपर्यंत किती दिवस थांबावे लागते?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

एकादशीनंतरच्या पंधरवड्यात निघालात तर बहुधा एक रात्र पुरते, कारण त्या काळात तेथे रोज नवे परिक्रमावासी येत असतात. संध्याकाळच्या आरतीला घाटावर बसा आणि पहाटे कोण निघणार आहे ते तेथेच विचारा. चाल आपल्यापेक्षा संथ असलेल्यांची सोबत निवडा, म्हणजे चढावर धाप लागेपर्यंत त्यांच्यामागे पळावे लागणार नाही. नर्मदे हर.