७२ तासांवाली गोळी घेतली, उलटी झाली. परत घेऊ का?

कंटाळा_क्वीन: वर लिहिलंय तेच. प्लीज लवकर सांगा, दुकान समोरच आहे.

बोका: गोळी किती वाजता, उलटी किती वाजता? आणि ही गोळी कशानंतर?

कंटाळा_क्वीन: काल रात्री कंडोम फाटला, अजून कशानंतर! गोळी सकाळी ९ला, उलटी पावणेअकराला. पोहे सगळे बाहेर.

आजीचा_बटवा: कच्ची पपई खा, तीन दिवस. आमच्याकडे गोळ्या नव्हत्याच.

बोका: म्हणूनच तुमच्याकडे आठ भावंडं ना, आजी? दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यायची, एवढं साधं आहे.

सदाशिव_पेठी: गर्भपाताच्या गोळ्या अशा चिठ्ठीशिवाय विकतातच कशा?

बोका: ती वेगळी गोळी. ही स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलाच असेल तर हिने काही होत नाही.

निशाचर: मी नेहमीच्या गोळ्या सुचवेन. २१ दिवस, मग सात दिवस सुट्टी. मला सूट झाल्या.

कंटाळा_क्वीन: ते विचारलंच नाहीये!! आणते दुसरी.

वॉर्ड_नं_४: थांब. दुसरं कुठलं औषध चालू आहे?

कंटाळा_क्वीन: नाही. टीबीच्या रोजच्या गोळ्या फक्त, तिसरा महिना.

वॉर्ड_नं_४: "फक्त"! लघवी केशरी होते ना? ते रिफाम्पिसिन. त्याने ७२ तासांवाल्या गोळीचा जोर कमी पडतो. तुला तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बसवून घेणं बरं. पाच दिवसांच्या आत बसवली तर सगळ्यात खात्रीची, आणि सरकारी दवाखान्यात फुकट.

कंटाळा_क्वीन: मूल नाही अजून. चालते?

वॉर्ड_नं_४: चालते. नकोच असेल तर एकदम दोन गोळ्या देतात, पण ते डॉक्टरांना विचारून, आणि आजच. टीबीच्या गोळ्या मात्र बंद करू नकोस. पाळी आठवडाभर पुढे-मागे होईल. त्याहून लांबली तर टेस्ट कर.

सदाशिव_पेठी: आमचा केमिस्ट ही गोळी पेपरात गुंडाळून देतो. बनियनचा बॉक्ससुद्धा.

बोका: तुमचं बनियन बघून कोण लाजतंय?

कंटाळा_क्वीन: ओपीडीचा केसपेपर १२लाच बंद होतो. रिक्षात बसलेय. टीबीचं कार्ड घरी राहिलं, चालेल का?

वॉर्ड_नं_४: गोळ्यांचं पाकीट दाखव.

आजीचा_बटवा: भाऊ सहा होते, आठ नव्हे.