नुसत्या डोव्हटेलवर जाऊ नका, खण उलटा करून बघा

जुनं लाकडी कपाट ओळखताना बरेच जण म्हणतात की खणाचे (ड्रॉवरचे) डोव्हटेल, म्हणजे कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे कबुतराच्या शेपटीसारखे दाते, कमी-जास्त रुंदीचे असले की कपाट जुनं समजावं. ते हातकाम आहे एवढंच त्यातून कळतं, वय नाही. हाताने डोव्हटेल कापणारे सुतार आजही आहेत. शिवाय आपल्याकडे वाडा पाडला की तुळया-खांबांचं सागवान निघतं आणि त्याचंच नवं फर्निचर होतं. लाकूड शंभर वर्षांचं, कपाट गेल्या वर्षीचं! त्यामुळे खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. बाजूच्या फळ्यांची खालची कड मागच्या टोकाकडे जास्त झिजलेली हवी, आणि ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्यांच्यावर पुढच्या बाजूला तसाच चर हवा. झीज एकावरच असेल तर खण एका कपाटाचा, सांगाडा दुसऱ्याचा असू शकतो, किंवा पट्ट्या बदललेल्या असतील. काही कारण नसताना फळीत बुजवलेली भोकं किंवा खाचा दिसल्या, तर ती फळी आधी तुळई किंवा दुसरं काहीतरी असावी.

सांगलीत घेताना पुराचंही बघाच. २००५, २०१९, २०२१ मध्ये भिजलेलं सामान पॉलिश करून विकायला येऊ शकतं. तळाची फळी ज्या खाचेत बसते तिथे पातळ सुरी फिरवा, गाळ असला तर बाहेर येतो. जुने सांधे बहुधा सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनच्या गोंदाने) जोडलेले असतात आणि सरस पाण्यात भिजला की मऊ पडून सुटतो. वरचा कोपरा तिरका ढकलल्यावर सांगाडा डुलला तर सांधे सुटलेत. भरीव सागवान असेल तर सांधे उकलून परत चिकटवता येतात, पण व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उचललं असेल तर नाद सोडा.