मदत हवी आहे: वनशेतीतल्या मालाचा भाव कसा ठरवता?

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून वनशेती करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांकडून थेट माल घेतो. एकाच रानात सावलीला कॉफी, झाडांवर चढवलेली मिरी, मधूनच केळी. प्रत्येकाची पोती दोन-तीन, दाणाही लहान-मोठा. किलोवर भाव लावला, तर झाडं राखायची मेहनत हिशेबात येतच नाही (हेच मला खटकतं). फेअरट्रेडच्या (म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून असलेल्या प्रमाणपत्राच्या) कॉफीत शेतकऱ्यांनी मागितल्यास कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल मिळू शकते, पण त्याला त्यांची संघटना लागते. आमचे शेतकरी विखुरलेले. एकमेकांची शेतं तपासून हमी द्यायची, ती पीजीएस पद्धत कुणी वापरली आहे का? आणि उचल दिल्यावर पीक बुडालं, तर तोटा कसा वाटून घेता?