चाकाला तडा आहे, वेल्डिंग करू नका

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं. नावाच्या जागचे आकडे फ्लॅटचे.)

४०१: नमस्कार सगळ्यांना. मिरजोळे एमआयडीसीत किंवा रत्नागिरी शहरात ॲलॉय व्हीलचं आर्गन वेल्डिंग चांगलं करणारं कोणी माहीत आहे का? मागच्या डाव्या चाकात रोज सकाळी हवा कमी दिसत होती. पंक्चर असेल म्हणून हातखंब्याला दाखवलं. टायर शाबूत निघालं. चाक पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे रिमच्या आतल्या अंगाने आले. आतल्या काठापासून खाली उतरलेला बारीक तडा आहे. मग मागचं उजवं चाक उतरवून बघितलं, त्यालाही तसाच, थोडा लहान. चारही चाकं कंपनीची, गाडीसोबत आलेली. रविवारी पुण्याला निघायचंय.

२०२: मिरजोळ्यात एक जण आहे. माझं चाक त्यानेच जोडून दिलंय. नंबर पाठवतो. सकाळी दिलंस तर संध्याकाळी मिळेल.

सेक्रेटरी: आजची आरती ८ वाजता. प्रसाद बी विंगकडे.

आप्पा १०२: थांबा. बाळा, गाडी आहे तिथेच राहू दे, रस्त्यावर काढू नकोस. आणि ते चाक कोणालाही जोडू देऊ नकोस. सविस्तर लिहितो, टाइप करायला वेळ लागेल.

४०१: हो आप्पा. गाडी जॅकवरच आहे.

आप्पा १०२: कंपनीची बहुतेक ॲलॉय चाकं ओतीव असतात. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घालून साच्यात ओततात. ओतलेलं चाक तसं मऊच असतं. मग ते भट्टीत ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि पुन्हा कमी उष्णतेवर काही तास ठेवतात. कारखान्यात याला टी-६ म्हणतात. चाकाला ताकद येते ती इथे. वेल्डिंगचा आर्क लागला की जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा परत मऊ पडतो. वरून ग्राइंडर फिरवून रंग मारला की चाक नवं दिसेल, हवाही धरेल. पण पुढचा तडा त्या जोडाच्या शेजारून जाईल, आणि तो आधी बुडबुडे दाखवेल याची खात्री नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटी खात्यात माझी नोकरी झाली, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

२०२: आप्पा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण माझं जोडलेलं चाक अजून चालतंय. लांज्याला रोज जाऊन येऊन आहे.

आप्पा १०२: भाऊ, तुमचं चाक लोखंडी आहे, वर प्लास्टिकचं कव्हर आहे. पोलादी पत्रा वाकतो, ठोकून सरळ होतो, वेल्डिंगही घेतो. शिवाय पोलादाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेखालचे हादरे कितीही बसले तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक लहान हादरासुद्धा त्याच्या खात्यात जमा होत राहतो.
आता टायर बघा. तुमचं १६५/८० आर१४, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर. बाळाच्या गाडीचं मागचं २८५/३० आर२०. रुंदी सुमारे पावणेदोन पट, पण रबराची भिंत ८५ मिलिमीटरच्या आसपास. खड्ड्याची कड आली की टायर चेपतं आणि मार थेट रिमच्या ओठावर, म्हणजे काठावर बसतो. बाहेरच्या बाजूला आऱ्यांचा आधार असतो. आतला ओठ मोकळाच असतो, म्हणून तडे बहुतेक आतून जातात, आणि आतली बाजू कोणी बघत नाही.

१०३ काकू: काल माझी नात याच गाडीतनं आरे-वारेला जाऊन आली. पंक्चरवाल्याने नीट बघून सांगितलंन हे देवानेच केलंन. आप्पा, तडा वाढला तर काय होतं?

आप्पा १०२: काकू, ओठाचा तुकडा सुटला तर टायरमधली हवा एका क्षणात जाते. मागचं चाक आहे, त्यामुळे गाडीचा मागचा भाग फिरू शकतो आणि स्टिअरिंगने सावरणं फार अवघड होतं. आंबा घाटाच्या वळणावर हे झालं तर समोरून एसटी येत असते, दुचाकीवर नवरा-बायको आणि मधे पोर असतं. हातखंब्यापर्यंत हळू नेतो, असंही म्हणू नकोस बाळा. ती माणसंही आपलीच आहेत.

४०१: नाही आप्पा, गाडी हलवत नाही. घरी बाबांनाही दाखवलं हे. पण मग पुढे काय? सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. तिथल्या माणसाने फोटो न बघताच सांगितलं की खड्ड्यात आपटलं असणार, वॉरंटीत बसत नाही, नवी चाकं घ्या.

वहिनी ३०१: भावोजी, फोनवरचं बोलणं सोडून द्या. ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. वॉरंटी नाकारायची तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तपासणीवरून, हे त्यांनी लिहून द्यावं. आणि आप्पा म्हणतात त्याला माझ्या बाजूनेही दुजोरा. चाक वेल्ड केलं की तुमचा पुरावा संपला. बदलून घेतानाही जुनी चाकं त्यांच्याकडे सोडून येऊ नका. द्यायचीच वेळ आली तर क्रमांकासह पोच घ्या.

आप्पा १०२: वहिनींनी फार महत्त्वाचं सांगितलं. तड्याची आतली भिंत बोलते. एका दणक्यात तुटलेला धातू सगळीकडे खडबडीत, दाणेदार दिसतो. हळूहळू थकून गेलेल्या तड्यात आधी गुळगुळीत भाग असतो, त्यावर भरतीच्या रेषांसारख्या रेघा दिसतात आणि शेवटीच खडबडीत तुकडा. त्या रेघा जिथून निघतात तिथे तड्याचं मूळ. मुळाशी हवेचं भोक किंवा धातू आकसल्याची पोकळी सापडली, तर दोष ओतकामाचा. वेल्डरने तडा उकरून भरला की यातलं काहीच वाचता येत नाही.
म्हणून आता एवढं कर. चाकावर टायर आहे तोवर तड्यासमोर टायरवर खडूने खूण कर, म्हणजे टायरला आतून मार लागलाय का ते त्याच जागी बघता येईल. फोटो दुरून आणि जवळून, पट्टी ठेवून. रिमच्या मागच्या अंगाला पार्ट नंबर आणि ओताची तारीख उठावात असते, तिचाही फोटो काढ. आणि तड्याच्या जागी ओठावर बोट फिरवून सांग. दबलंय की सरळ आहे?

४०१: डाव्या चाकाचा ओठ दबलाय, बोटाला लागतो. उजव्याचा एकदम सरळ आहे. त्याच्या टायरलाही कुठे फुगवटा नाही.

आप्पा १०२: मग दोन्हींची कारणं एकच असतील असं धरून चालू नकोस.

२०४: विम्याचं मी सांगतो, रोजचंच काम आहे. अपघाती मार असेल तर ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात क्लेम बसू शकतो. झीज किंवा उत्पादनातला दोष असेल तर नाही. दुरुस्तीच्या आधी विमा कंपनीला कळवायचं आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत काही उघडायचं नाही. गाडीला एक वर्ष होऊन गेलंय, दोन व्हायची आहेत, म्हणजे धातूच्या भागांवर १० टक्के घसारा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, घेतलं असेल तर तोही नाही. टायर आणि रिमचं वेगळं ॲड-ऑन असतं, ते पॉलिसीत आहे का बघ. एकच गोष्ट ध्यानात ठेव, क्लेम घेतला की नो क्लेम बोनस गेला. तुझी गाडी महागडी आहे, तेव्हा दोन्ही आकडे समोर ठेवूनच ठरव.

वहिनी ३०१: काका, इथेच माणसं अडकतात. विम्याला लिहितात “खड्ड्यात आपटली” आणि गाडीच्या कंपनीला लिहितात “चाकच सदोष आहे”. उद्या ग्राहक आयोगासमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले की दोन्हीकडची विश्वासार्हता गेली. भावोजी, आता विम्याला फक्त एवढंच कळवा की अमुक तारखेला तडे आढळले, कारण तपासायचं आहे. खरं असेल तेवढंच लिहा.
तपासणीत दोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांच्या वर, म्हणून जिल्हा आयोग नाही, राज्य आयोग. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. त्याआधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, बऱ्याच कंपन्या तिथेच हलतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलंय. एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. ‘वाहन’ पोर्टलवर मालकाला तक्रार टाकता येते. तुमची एक तक्रार पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते, म्हणून ती टाकाच.

४०१: वहिनी, हे वाचून धीर आला. मीही रात्री शोधत होतो. अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या झी०६ (२०१५ ते २०१९) आणि ग्रँड स्पोर्ट (२०१७ ते २०१९) या मॉडेल्सची चाकं तडकतात म्हणून मालकांनी २०२१ मध्ये जनरल मोटर्सवर सामूहिक दावा लावला. एवढ्या ताकदीच्या गाडीला घडीव (दाबून घडवलेली) चाकं द्यायला हवी होती, ओतीव दिली, असं मालकांचं म्हणणं. माझी गाडी वेगळी, कंपनीही वेगळी. पण “खड्ड्यात आपटलं असणार” हे उत्तर तिकडच्या मालकांनीही ऐकलंय.

२०२: तोवर गाडी उभी ठेवायची म्हटलं तर ऑनलाइन हुबेहूब चाकं अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात. ती लावून पुण्याला जा, मग भांडत बस.

आप्पा १०२: भाऊ, तळमळीने सांगताय हे कळतं. पण हुबेहूब दिसणारं चाक किती वजन पेलतं हे दिसण्यावरून कळत नाही. खऱ्या चाकाला वळणाच्या थकव्याची, भाराखाली फिरण्याची आणि तिरक्या आघाताची अशा चाचण्या पार कराव्या लागतात. आपल्याकडे त्यासाठी मानक आहे, जपानी चाकांवर जेडब्ल्यूएलची खूण असते. नक्कल करणाराही खूण ओतू शकतो, म्हणून बिल आणि विक्रेता दोन्ही खात्रीचे हवेत. शिवाय या गाडीची पुढची चाकं अरुंद, मागची रुंद. पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), मधल्या भोकाचा व्यास, बोल्टच्या बैठकीचा गोल किंवा तिरपा आकार, सगळं जुळावं लागतं. बैठक चुकली तर बोल्ट घट्ट वाटतात आणि चालताना सैल होतात.

१०३ काकू: खड्ड्यांचंही कोणीतरी लिहा रे. गणपतीला मुंबईपासून चाकरमानी याच रस्त्याने येतात. गाडी महाग असो की स्वस्त, आत माणसंच असतात.

वहिनी ३०१: काकू, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा नंबर आहे. निवळीजवळचा तो खड्डा मी आज नेमक्या जागेसह नोंदवला. ज्यांना जमेल त्यांनीही नोंदवा. एकाच जागेच्या अनेक तक्रारी असल्या की “आम्हाला माहीत नव्हतं” म्हणता येत नाही.

२०२: मी करतो. आणि बाळा, शनिवारी मी कोल्हापूरला चाललोय. मागची सीट पाडली की दोन्ही रिम मावतील. तूही चल, तिथून पुण्याला एसटी भरपूर.

आप्पा १०२: हे सगळ्यात चांगलं झालं. शिरोलीत ओतकामाच्या तपासणीची सोय आहे. डाय पेनेट्रंट आणि एक्स-रे दोन्ही सांग. पेनेट्रंटचा लाल रंग तड्याची खरी लांबी दाखवतो, डोळ्याला दिसतो त्याहून तडा बहुतेकदा लांबच असतो. अहवालावर चाकाचे नंबर लिहून घे.

(सोमवार)

४०१: सगळ्यांना कळवतो. सर्व्हेअर शुक्रवारी येऊन बघून गेले, त्यानंतरच टायर उतरवली. डाव्या चाकाला मारच आहे. ओठ दबलाय, खडूच्या खुणेसमोर टायरला आतून चीर आहे. उजव्यात मार नाही. एक्स-रेत तड्याच्या मुळाशी पोकळ्यांचा पुंजका दिसला. अहवालात तसं स्पष्ट लिहून दिलंय. डाव्या चाकाचा क्लेम विम्याकडे, उजव्याचा अहवाल ईमेलने कंपनीकडे. दोन्ही पत्रांत दोन्ही चाकांचा उल्लेख केलाय, वहिनींनी मसुदा तपासून दिला. वाहन पोर्टलवर आणि १९१५ वर तक्रार टाकली. कंपनीने आता चाक तपासायला मागितलंय. पोच घेतल्याशिवाय देणार नाही.

वहिनी ३०१: आणि त्यांच्या तपासणीच्या वेळी हजर राहायची परवानगी लेखी मागा.

आप्पा १०२: शाब्बास. आता पुढची दोन्ही चाकं. फोटोत ओताची तारीख बघितली, चारही एकाच महिन्यातली आहेत. तडा दिसत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. नवी चाकं बसवताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशने साफ करून घे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी हब आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो, मग चाक सपाट बसत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे.

४०१: आप्पा, बाबा संध्याकाळी पुढची चाकं उतरवून गाडी स्टँडवर ठेवतायत. भाऊ, पुढच्या खेपेला ती न्याल का?

२०२: नेतो की. टायर आधी उतरवून ठेवायला सांग, आणि आदल्या रात्री खाली आणून ठेवा.